अभंग

तिच्या चेहऱ्यात चटकन लक्षात राहावं असं काही नाही. २, १, ४, ७, ४, ८, ३, ६, ४, ७ असे दहा अंक. चार तीनदा येतो, सात दोनदा. शून्य, पाच आणि नऊ यांना तिच्याकडे जागाच नाही. कुणी फोनचा नंबर म्हणून सांगितली असती तर कागदावर उतरवून घ्यावी लागली असती, इतकी ती साधी. मोठ्यानं वाचली की मात्र तिचा आब कळतो: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

माणसाची पारख करायची तर आधी शेजारपाजार बघावा. तिच्या अलीकडच्या घरात २,१४,७४,८३,६४६ राहते. ती पटकन फुटते: दोन, तीन, पुन्हा तीन, सात, अकरा, एकतीस, १५१ आणि ३३१. सगळे लहान, हाताशी येणारे अवयव. पलीकडच्या घरात २,१४,७४,८३,६४८. तिला नुसतं अर्धं करत जायचं. एकतीस वेळा अर्धं केलं की हातात एक उरतो. या दोघींच्या मधोमध ती उभी आहे. दोननं तिला भाग जात नाही, तीननं जात नाही, सातनं नाही, अकरानं नाही. एक सोडला तर तिच्याहून लहान अशा कुठल्याच संख्येनं तिला निःशेष भाग जात नाही.

लहानपणी आम्ही चिंचोके मांडून खेळायचो. बारा चिंचोके असले की तीन-तीनच्या चार रांगा छान लागायच्या. तेराव्या चिंचोक्यानं सगळी मांडणी बिघडायची; तेरा एका सरळ रांगेतच बसतात, दुसऱ्या कशात नाही. मूळसंख्या म्हणजे काय हे मला तिथेच कळलं होतं, शब्द नंतर शाळेत मिळाला. आता दोन अब्जांहून अधिक चिंचोके डोळ्यांपुढे आणा आणि त्यांच्या सारख्या रांगा लावायला बसा. दोन रांगांपासून सुरुवात करून कितीही रांगा लावून बघा, शेवटी काही चिंचोके वर उरतील किंवा कमी पडतील. तिचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे. आपल्याकडे अभंग म्हटलं की टाळ-मृदंग ऐकू येतो, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ न भंगणारा. तिला द्यायला मला याहून चांगलं विशेषण सापडलेलं नाही.

तिचं घराणं

ती एकटी आहे, पण बिनघराण्याची नाही. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाची कोठारं रिकामी. तीच गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. एक जानेवारीला एक दाणा, दोन तारखेला दोन, तीन तारखेला चार, रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. महिना संपला की एकतीस दिवसांचे सगळे दाणे मोजा. ते नेमके २,१४,७४,८३,६४७ भरतात. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर हा ढीग सुमारे ८६ टनांचा होतो. आणि हा एवढा ढीग कितीही पोत्यांत सारखा वाटायला घ्या, दाणे उरतातच.

म्हणजे दोनचा एकतिसावा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ती समोर येते. संगणकाच्या द्विमान लिपीत ती लिहिली तर ओळीनं एकतीस वेळा फक्त १ येतो. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच. दहा अंकांच्या नेहमीच्या पोशाखात जो चेहरा ओळखू येत नाही, तो या साध्या वेषात एका नजरेत कळतो.

या घराण्यातल्या धाकट्यांची नावं अशी: ३, ७, ३१, १२७. दोनचा दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा घात घेऊन एक वजा केला की त्या मिळतात, आणि चौघीही मूळ आहेत. घातांकच संयुक्त असेल तर संख्या फुटतेच; सहाव्या घातातून एक काढला की ६३ उरतात आणि ते सातनं जातात. म्हणून घातांक मूळ असावा लागतो. तेवढं पुरेल असं वाटत असतानाच अकरावा घात येतो: २,०४७. दिसायला अगदी बहिणींसारखी, द्विमानात ओळीनं अकरा एक. पण ती २३ गुणिले ८९ आहे. या घराण्यात जन्म झाला म्हणून अखंडपणा मिळत नाही. प्रत्येकीला तो स्वतःचा स्वतः सिद्ध करावा लागतो.

आणि इथेच खरी अडचण आहे. एखादी संख्या फुटते हे दाखवायला एक भाजक पुरतो. ती फुटत नाही हे दाखवायचं तर एकही भाजक नाही, हे दाखवावं लागतं.

नुसती कीर्ती

बोलोन्याचे गणितज्ञ पिएत्रो कताल्दी हे तिच्याविषयी ठामपणे बोलणारे पहिल्या काहींपैकी एक. १५८८ मध्ये त्यांनी एकामागून एक भागाकार करून तिच्या दोन धाकट्या बहिणींचा, म्हणजे १,३१,०७१ आणि ५,२४,२८७ या दोघींचा अखंडपणा पक्का केला. त्यापुढे मात्र त्यांनी नुसती विधानं केली: घातांक २३, २९, ३१ आणि ३७ असतील तरीही संख्या मूळच मिळते. यातल्या २३ आणि ३७ ची विधानं गणितज्ञ फर्मा यांनी १६४० मध्ये मोडीत काढली. २३ वाली ८३,८८,६०७ तर ४७नंच फुटते. २९ वाली गणितज्ञ ऑयलर यांनी १७३८ मध्ये फोडली; तिचा सर्वांत लहान भाजक २३३. चारांतली तीन विधानं पडली, उरली एकटी ३१ वाली.

१६४४ मध्ये पॅरिसच्या मठातले मारँ मर्सेन यांनी घातांकांची एक यादी छापली आणि हे घराणं त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्या यादीतही ३१ आहे. पण त्याच यादीत ६७ आणि २५७ आहेत, ज्या पुढे फुटलेल्या निघाल्या. आणि ६१, ८९, १०७ नाहीत, ज्या पुढे अखंड निघाल्या. तेव्हा त्या यादीत नाव असणं म्हणजे गावानं चांगलं म्हणणं. गाव बरोबरही असू शकतं, चूकही.

जवळपास दोनशे वर्षं ती अशी अर्धवट उजेडात राहिली. ती मूळ आहे, असं लोक म्हणत होते. ती मूळ होतीही. पण म्हणणाऱ्यांना ते माहीत नव्हतं, आणि खरं असणं व खरं म्हणून माहीत असणं यांतलं अंतर किती मोठं असतं, हे तिच्या चरित्राइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

दृष्टी गेलेल्या माणसानं तिला पाहिलं

लेओनार्ड ऑयलर १७६६ मध्ये बर्लिन सोडून पुन्हा सेंट पीटर्सबर्गला आले. उजवा डोळा तारुण्यातच अधू झाला होता. आता डाव्यात मोतीबिंदू उतरला. १७७१ मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली, थोडा काळ दिसलं, मग तीही दृष्टी गेली. त्याच वर्षी शहराला आग लागली आणि त्यांचं घर जळालं. एका देशबांधवानं त्यांना आगीतून बाहेर काढलं. साठी ओलांडलेला, जवळजवळ पूर्ण आंधळा झालेला हा माणूस तोंडानं सांगत असे आणि मुलं व सहकारी लिहून घेत. त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग या अंधारातल्या वर्षांतला आहे. बर्लिनच्या अकादमीच्या १७७२ सालच्या ग्रंथात त्यांचं गणितज्ञ बेर्नुली यांना लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात ते सांगतात की २,१४,७४,८३,६४७ मूळ आहे, आणि का ते सांगतात.

त्यांनी काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तिचा खरा स्वभाव तिथे उलगडतो.

साधा मार्ग असा. एखादी संख्या फुटत असेल तर तिचा एक तरी अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे. तेव्हा तिथपर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी तिला भागून बघायचं. अशा मूळसंख्या सुमारे ४,८०० आहेत. तेवढे भागाकार हातानं करणं म्हणजे कित्येक महिन्यांचं काम, आणि एका ठिकाणी हातचा चुकला की सगळं पाण्यात.

ऑयलर यांनी आधी तिला भागायला घेतलंच नाही. जी तिला भागू शकेल ती संख्या कशी असावी लागेल, हे त्यांनी आधी विचारलं.

समजा एखादी मूळसंख्या तिला निःशेष भागते. मग दोनच्या एकतिसाव्या घाताला त्याच भाजकानं भागलं तर बाकी एक उरेल, कारण ती त्या घातापेक्षा एकनंच कमी आहे. आता एकपासून सुरुवात करा, दर पावलाला दुप्पट करा आणि भाजकाच्या बाहेर गेलात की बाकी तेवढी ठेवा. एकतिसाव्या पावलाला तुम्ही पुन्हा एकवर, म्हणजे घरी. मधेच आधी घरी पोचला असाल तर तो लहान फेरा एकतिसात पुरा पुरा बसायला हवा; पण ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे असा लहान फेरा संभवत नाही. फेरा एकतीस पावलांचाच. दुसरीकडे फर्मा यांचा नियम सांगतो की भाजकातून एक वजा केल्यावर जितकी पावलं होतात, तितक्या पावलांनी आपण घरी असतोच असतो. तेव्हा एकतिसाचा फेरा त्या पावलांत पूर्ण वेळा बसला पाहिजे. भाजक विषम आहे, त्यामुळे भाजक असेल तो ६२ च्या कुठल्यातरी पटीहून एकनं जास्त. दुसरा काही असूच शकत नाही.

फुटलेल्या २,०४७ वर हे ताडून बघा. तिथे घातांक ११, म्हणून भाजक २२ च्या पटीहून एकनं जास्त असायला हवेत. २३ म्हणजे २२ अधिक एक. ८९ म्हणजे ८८ अधिक एक. बरोबर.

मग ऑयलर यांनी दुसरी चाळणी लावली: अशा भाजकाला आठनं भागलं तर बाकी एक किंवा सातच राहते. दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की उरतात फक्त २४८ च्या पटीत एक मिळवलेल्या किंवा ६३ मिळवलेल्या संख्या. ४६,३४० पर्यंत अशा पावणेचारशेच्या आत आहेत, आणि त्यांतल्या मूळ तेवढ्या निवडल्या तर शंभराच्याही आत. जवळपास पाच हजार दारांपैकी शंभराहून कमी दारं ठोठवायची राहिली. त्यांतलं एकही उघडलं नाही. ती अभंग ठरली.

एका पावसाळ्यात मीही वही घेऊन बसलो होतो. यादीतली पहिली मूळसंख्या ३११. भागाकार ६९,०५,०९२ आला आणि बाकी ३५. दुसरी १,३०३, बाकी २२६. तिसरी १,४८९, बाकी १९९. प्रत्येक भागाकाराच्या शेवटच्या ओळीकडे सरकताना छातीत धडधडायचं. उत्तर अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे, तरी धडधडायचं. बाकी शून्य येणार नाही हे माहीत असणं वेगळं, आणि आपल्याच पेन्सिलीखाली ती ३५ होऊन उमटताना बघणं वेगळं. त्या तीन ओळींनंतर ती माझ्यासाठी पुस्तकातली संख्या राहिली नाही. तिनं मला तीनदा नाही म्हटलं होतं, आणि ज्यानं आपल्याला सरळपणे नाही म्हटलं त्याचा आपल्याला भरवसा वाटू लागतो.

ऑयलर यांचं तिच्याशी आणखी एक जुनं नातं होतं. तिची दुप्पट करून तीन मिळवले की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात अधिक एक. ही मूळ असावी, असा फर्मा यांचा समज होता. ऑयलर यांनी पंचविशीतच, १७३२ मध्ये, तिला ६४१नं फोडून दाखवलं. सगळ्यांनी अखंड मानलेली त्यांनी तरुणपणी फोडली. जिच्याबद्दल खात्री नव्हती ती म्हातारपणी अखंड ठरवली. दोन्ही वेळा हत्यार एकच होतं: भाजक कसा असावा लागेल, हे आधी ओळखायचं.

सिंहासनाची ९५ वर्षं

१७७२ पासून ती माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या झाली. तिच्यासोबत आणखी एक मान आला. युक्लिड यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की या घराण्यातली प्रत्येक मूळसंख्या एका परिपूर्ण संख्येला जन्म देते, म्हणजे जिच्या स्वतःहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते अशा संख्येला. ३ पासून ६ मिळते: १, २, ३ मिळवा, पुन्हा ६. ७ पासून २८ मिळते: १, २, ४, ७, १४ मिळवा, पुन्हा २८. आपल्या नायिकेपासून मिळते २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. एकोणीस अंकांची, आठवी परिपूर्ण संख्या. स्वतः कुणानंच न भागली जाणारी ही, आणि तिच्याच पोटी जन्मलेली संख्या आपल्या विभाजकांची बेरीज काट्यावर तोलून दाखवते.

१८११ मध्ये इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं की ही परिपूर्ण संख्या बहुधा कायमची सर्वांत मोठी राहील. कारण त्यांनी दिलं ते असं: असल्या संख्या निव्वळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा यापुढची शोधण्याचे कष्ट कुणी घेईल असं दिसत नाही.

बार्लो जाणकार होते. त्यांनी केलेली वर्ग-घन-मुळांची कोष्टकं पुढे शंभरहून अधिक वर्षं वापरात राहिली. संख्यांबद्दल त्यांना कमी कळत नव्हतं. त्यांचा अंदाज चुकला तो माणसांबद्दल. उपयोग नाही म्हणून कुतूहल थांबत नाही. १८६७ मध्ये फ्रान्सच्या लांद्री यांनी तेरा अंकांची मूळसंख्या शोधली आणि ९५ वर्षांनी हिचा मुकुट उतरला. १८७६ मध्ये एद्वार ल्युका यांनी हिच्याच घराण्यातली, घातांक १२७ असलेली, ३९ अंकांची बहीण सिद्ध केली. तीही एकेक भाजक न तपासता.

ल्युका यांनी शोधलेली आणि पुढे डी. एच. लेमर यांनी सुबक केलेली ती कसोटी इतकी देखणी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. चारपासून सुरू करा. वर्ग करा, दोन वजा करा, संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोननं कमी इतक्या वेळा केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ. ३१ घ्या, तिचा घातांक पाच, म्हणजे तीन पावलं. ४ वरून १४. १४ वरून १९४, ३१नं भागून बाकी ८. ८ वरून ६२, ३१नं भागून बाकी शून्य. झालं. आपल्या नायिकेला अशी २९ पावलं लागतात. ऑयलर यांना शंभराजवळ दारं ठोठवावी लागली. या वाटेनं एकोणतीस पायऱ्या चढून गेलं की ती शून्याच्या रूपात दार उघडून उभी असते.

नोकरीचे दिवस

उपयोग नाही असं म्हटल्यावर दीडशे वर्षांच्या आसपास तिला काम मिळालं, आणि असं मिळालं की आज तिच्या हाताखालून न गेलेला संगणक शोधावा लागेल.

संगणक एखादा पूर्णांक ३२ खणांत ठेवतो तेव्हा एक खण धन-ऋण चिन्हाला जातो. उरतात ३१. सगळ्यांत एक भरला की मिळते मोठ्यात मोठी संख्या, म्हणजे तीच. ती त्या घराचा उंबरठा आहे. तिच्यात आणखी एक मिळवा, सगळे खण ओसंडतात आणि बऱ्याच यंत्रांवर आकडा एकदम उणे दोन अब्जांच्या पलीकडे जाऊन पडतो. २०१४ च्या डिसेंबरात कोरियन गायक साय यांचं 'गंगनम स्टाइल' हे गाणं बघणाऱ्यांचा आकडा तिच्याही पुढे गेला आणि यूट्यूबनं मोजणी ६४ खणांवर नेल्याचं सांगितलं. नवा उंबरठा कितीतरी उंच आहे, दोनचा त्रेसष्टावा घात उणे एक. पण त्याला सातनं भाग जातो. ती उंची आहे, अखंडपणा नाही.

उंबरठ्यावर उभं राहायला मूळ असण्याची गरज नव्हती, हे खरं. तिथे ती ३२ खणांतला एक चिन्हाला गेल्यामुळे योगायोगानं आली. तिच्या अखंडपणाचं खरं चीज झालं ते दुसऱ्या कामात.

संगणकाला फासे टाकता येत नाहीत. त्याला यादृच्छिक वाटतील अशा संख्या हिशेबानंच बनवाव्या लागतात. रीत साधी आहे. एक संख्या घ्या, ठरावीक गुणकानं गुणा, हिच्यानं भागा, बाकी ठेवा. त्या बाकीला पुन्हा गुणा. धाकट्या ७ वर गुणक ३ घेऊन बघू: ३, २, ६, ४, ५, १. एक ते सहा सगळे आले, प्रत्येक एकदाच, क्रम विस्कटलेला. मूळसंख्या असेल तर असा गुणक नेहमी सापडतो. आपल्या नायिकेसाठी सातचा पाचवा घात, १६,८०७, हा असा एक गुणक आहे. एकपासून निघा: १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. असंच जात राहा, पुन्हा एकवर येण्याआधी २,१४,७४,८३,६४६ वेगवेगळ्या संख्या भेटतात, एकही न सुटता, एकही दोनदा न येता. १९६० च्या दशकाअखेरीस आयबीएमच्या यंत्रांसाठी ही जोडी वापरात आली आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर या दोघांनी निदान एवढं तरी सगळ्यांनी पाळावं म्हणून तिची शिफारस केली. आज याहून सरस रीती आहेत. तरी सी प्लस प्लस या भाषेच्या ग्रंथालयात ती अजून आहे. यंत्र नीट गुणतं आहे का हे बघायचं तर एकपासून दहा हजार पावलं टाकून १,०४,३६,१८,०६५ येते का, ते ताडतात.

तिला कुणी विभागू शकत नाही म्हणून ती सगळ्यांना एका फेऱ्यात फिरवू शकते, कुणाला न वगळता. हे मला तिच्या स्वभावातलं सर्वांत मोठेपणाचं वाटतं.

वारसा

तिच्या घराण्यात एक गोष्ट राहून राहून मोहात पाडते. ३ मूळ आणि दोनचा तिसरा घात उणे एक, म्हणजे ७, हीही मूळ. ७ पासून १२७ मूळ. ५ पासून ३१ आणि ३१ पासून ही स्वतः. मग हिलाच घातांक केलं तर? दोनचा २,१४,७४,८३,६४७ वा घात उणे एक. ही संख्या लिहायला चौसष्ट कोटींहून जास्त अंक लागतील. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली, तेव्हाची सर्वांत मोठी मूळसंख्या चार कोटी दहा लाख अंकांची आहे. ही तिच्या पंधरापटीहून जास्त लांब.

आणि ही लेक फुटते. १९८३ मध्ये तिचा भाजक सापडला: २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. या भाजकाकडे नीट बघा. आईला १,३७,४९० नं गुणा आणि एक मिळवा, तोच येतो. ऑयलर यांनी सांगितलेली भाजकाची अट त्यानं काटेकोर पाळली आहे. लेक फुटली तीही आईच्या मापानं.

मला यात दुःख दिसत नाही. अखंडपणा पुढच्या पिढीला हातात देता येत नाही, एवढंच ते सांगतं. २,०४७ नं घराण्याच्या बळावर तो मिळत नाही हे दाखवलं होतं. ही लेक पुन्हा तेच दाखवते.

त्या सकाळी

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. ग्रीनिचला पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. युनिक्स घराण्याच्या यंत्रांनी १ जानेवारी १९७० पासून मोजत आणलेले सेकंद त्या क्षणी नेमके २,१४,७४,८३,६४७ होतील. ज्या यंत्रांत अजून ३२ खणांचं घड्याळ असेल त्यांच्यात पुढच्या टिकेला काळ उलटेल आणि तारीख डिसेंबर १९०१ वर जाऊन पडेल. बहुतेक यंत्रं तोवर दुरुस्त झालेली असतील. कित्येक आत्ताच झाली आहेत. जिथे ३२ खणांची घरं रिकामी होतील, तिथली उंबरठ्यावरची तिची नोकरीही त्याबरोबर संपेल.

कताल्दी यांनी नुसतं म्हटलं तेव्हा ती अभंग होती. मर्सेन यांनी यादीत घेतली तेव्हा होती, बार्लो यांनी निरुपयोगी म्हटलं तेव्हा होती, आणि यंत्रं तिच्यावर उभी राहिली तेव्हाही तेवढीच होती, कणभर कमी-जास्त नाही. आपण तिला काय म्हटलं यानं तिच्यात कधीच काही फरक पडला नाही. फरक पडला तो एकदाच, आपल्यात, जेव्हा एका आंधळ्या म्हाताऱ्यानं शंभर दारांचा हिशेब पुरा केला आणि आपल्याला ती आहे तशी कळली.

त्या मंगळवारी सकाळी मी चहा झाल्यावर वही उघडणार आहे. डाव्या बाजूला ३११ लिहीन, आत ते दहा अंक. पावणेनऊच्या सुमारास घड्याळं नव्या आकड्यांवर गेलेली असतील. माझा भागाकार सावकाश खाली उतरत येईल आणि शेवटच्या ओळीत बाकी राहील ३५.